पाच मिनिटांत शंभर बॉबिन

मिलमधून घरी गेलो की बायको दारातच अडवते. "आधी कपडे झटका, मग आत या." तागाचं बारीक तूस कॉलरमध्ये, भुवयांवर, कानात, कुठंही जाऊन बसतं. ते झटकता येतं. किस्से झटकता येत नाहीत! बावीस वर्षं ज्यूट मिलच्या स्पिनिंग खात्यात सुपरवायझर म्हटल्यावर ते साठतच जातात, आणि चहाला चार टाळकी जमली की आपोआप बाहेर पडतात. बायकोचे सगळे ऐकून झालेत. म्हणून आता तुमची पाळी.

आमची मिल सोलापुरात, अक्कलकोट रोडला. छोटीच आहे. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना तागाची पोती लागतात, त्यांचं सूत आम्ही काततो. मशीनं कोलकात्याहून आणलेली, सेकंडहँड. मशीनच्या एका बाजूला शंभर चात्या, प्रत्येक चातीवर एक बॉबिन. बॉबिनी सुतानं भरल्या की मशीन थांबवायचं, भरलेल्या काढून पाटीत टाकायच्या, रिकाम्या चढवायच्या, सुताचं टोक गुंडाळायचं आणि मशीन पुन्हा चालू. याला म्हणायचं डॉफिंग. हे काम आठ बायका करतात, एका बाजूला दोघी अशा जोड्यांनी. तोवर मशीन उभं! आणि उभं मशीन बघितलं की आमच्या मालकांना धाप लागते.

* * *

मालकांना अख्खी मिल अप्पा म्हणते. अप्पा एकदा कोलकात्याला जाऊन आले आणि येताना मोबाइलमध्ये एक व्हिडिओ घेऊन आले. ऑटो डॉफर! म्हणजे बॉबिनी आपोआप काढणारं आणि आपोआप चढवणारं यंत्र. अप्पांनी आठही जणींना जमवून तो दाखवला. एक लोखंडी हात आला, खटकन सगळ्या बॉबिनी उचलल्या आणि गेला. माणूस कुठं दिसलाच नाही.

गंगव्वा पुढं झाली. गंगव्वा म्हणजे या आठ जणींची म्होरकी, वळसंगहून रोज टमटमनं येते. तिनं व्हिडिओ परत एकदा बघितला आणि विचारलं, "अप्पा, मशीन लई ब्येस हाय. पर ह्ये बिघाडलं तर बॉबिनी कोण काढनार? तुमी?"

अप्पा हसले, पण मागं हटले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला एका बाजूला नऊ मिनिटं लागतात. पाच मिनिटांत करून दाखवा, मशीन आणत नाही. दिवाळीपर्यंत मुदत. नाहीतर मानेसर, ऑर्डर द्यायची."

मानेसर म्हणजे मी. त्या आठ जणींच्या घरच्या चुली या कामावर चालतात, हे मला पक्कं माहीत होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हेही सांगून टाकतो.

* * *

पहिली सुधारणा मी स्वतः केली. भरलेली पाटी कमरेवर घेऊन बायका टोकापर्यंत चालतात, त्यात वेळ जातो, हे मी हेरलं. मग वेल्डरकडून चाकांची एक गाडी करून घेतली. रविवारी मिल बंद असताना दोन मशीनमधली वाट टेपनं मोजली, त्याच मापाची गाडी. एकदम परफेक्ट!

सोमवारी गाडी सर्रकन आत गेली. भरलीसुद्धा. मग बाहेर येईना! गाडीत भरलेल्या बॉबिनी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं बाहेर डोकावतात, हे रविवारी रिकाम्या वाटेत मला कसं कळणार? वर आणखी, आत गेलेली बाई गाडीच्या पलीकडं अडकली.

ती अडकलेली बाई म्हणजे महादेवी, गंगव्वाची धाकटी जाऊ. दोघी एकाच घरात नांदतात आणि तीन नंबरच्या मशीनवर एकाच जोडीत काम करतात. महादेवी पलीकडून शांतपणे म्हणाली, "सायब, गाडी लई चांगली केलीसा. फकस्त हितनं काडा आन् तिकडं भिताडाकडंला ठिवा. डबा खायाला बसाय हुतीय."

अजून ती भिंतीकडेलाच आहे.

* * *

मग अप्पांनी पुण्याहून एक एक्स्पर्ट बोलावला. केतन नावाचा पोरगेला इंजिनिअर, हातात स्टॉपवॉच, गळ्यात ओळखपत्र. तीन दिवस तो तीन नंबरपाशी उभा राहिला. गंगव्वानं त्याला पहिल्याच दिवशी शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊ घातली. तरी त्यानं रिपोर्ट प्रामाणिकच लिहिला, हे विशेष.

रिपोर्टचं सार असं : दोघी दोन टोकांकडून सुरुवात करतात, मध्ये भेटतात, आणि भेटल्यावर दीड मिनिट काहीच होत नाही. त्यानं गंगव्वालाच विचारलं, "मावशी, मधे आल्यावर तुम्ही नेमकं काय करता?"

"बोलतो की!"

"काय बोलता?"

"त्ये तुमाला कशाला सांगू? तुमी लग्नाचं हाईसा का?"

केतननं लाल होत वहीत लिहिलं, 'बोलण्यावर बंदी.' अप्पांनी दुसऱ्या दिवसापासून ती लागू केली. त्या दिवशी वेळ लागला साडेदहा मिनिटं!

झालं काय, की आमच्या खात्यात मशीनचा आवाज एवढा असतो की बायका एरवीही निम्मं हातवाऱ्यांनी बोलतात. तोंड बंद केल्यावर सगळंच हातांवर आलं. आता बॉबिनी काढायला हात कुठून आणायचे? चौथ्या दिवशी अप्पांनीच बंदी उठवली.

* * *

एक अगदी छोटा किस्सा. वेळ डोळ्यांसमोर राहावा म्हणून अप्पांनी तीन नंबरसमोर एक थाळीएवढं घड्याळ टांगलं. आठवड्यात त्यात तूस जाऊन ते बंद पडलं. अप्पा राउंडला आले, विचारलं, "आज किती मिनिटं लागली?"

महादेवीनं घड्याळाकडं बोट केलं. "अप्पा, आज टाइमच लागला न्हाय!"

* * *

आता मुख्य गोष्ट. गंगव्वाच्या लेकीला बघायला अकलूजहून पाहुणे आले. महादेवीनं पुतणीसाठी जीव तोडून स्वयंपाक केला. पाहुण्यांनी चटणीची तारीफ केली. तेव्हा गंगव्वा सगळ्यांदेखत बोलून गेली, "व्हय, पर मिक्सरची हाय. उखळातली न्हाय."

संपलं! महादेवीचा चेहरा पडला तो पडलाच. तिनं पाहुण्यांसोबत आपल्या चटणीचा डबा बांधून दिला, तेवढंच शेवटचं, त्यानंतर दोघींचं बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरवर डॉफिंगची वेळ झाली. रोजच्यासारखं टोकांकडून सुरू केलं असतं तर मध्ये समोरासमोर यावं लागलं असतं. महादेवी तरातरा चालत मशीनच्या मधोमध गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. गंगव्वाही कमी नाही. तीही मधोमध आली आणि हिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. दोघींनी एकमेकींपासून लांब लांब जात बॉबिनी काढायला सुरुवात केली, आणि आपलं टोक आधी गाठायचं म्हणून काय हात चालले, काय हात चालले!

मी सहज हातातलं घड्याळ बघितलं. सहा मिनिटं!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाट्या रिकाम्या करायच्या ट्रॉल्या असतात मशीनच्या टोकांना. मधून सुरुवात केली तर पाटी भरेपर्यंत बाई आपोआप ट्रॉलीपाशी पोचते. ओझं घेऊन उलटं चालायला नको! एवढी साधी गोष्ट बावीस वर्षांत मला सुचली नव्हती, एका चटणीनं सुचवली.

मी बाकीच्या तीन जोड्यांनाही मधून सुरू करायला लावलं. त्यांची वेळ सातवर आली, आणि तिथंच अडली. या दोघी मात्र आठवड्यात चार मिनिटं पन्नास सेकंदांवर! फरक काय, ते मला कळत होतं. बाकीच्या जोड्यांचं आपसात चांगलं होतं.

* * *

त्या दिवसांत दोघींमधला टेलिफोन मी होतो. दोघींमध्ये अंतर दोन पावलांचं, आणि मधे मी!

"सायब, थोरलीला सांगा, भाकरीचा डबा आज माज्याकडं हाय."

मी सांगायचो.

"धाकटीला सांगा, मला भूक न्हाय."

मी सांगायचो.

"तिला म्हनावं, डबा तिच्या लेकीनं बांदलाय, मी न्हवं. गुमान खावा."

थोरली गुमान खायची. धाकटी तिकडं तोंड करून, पण ती खाते की नाही ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. मला वाईट वाटायचं. एक शब्द मी मधे टाकला असता तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण दिवाळीला तीन आठवडे होते, आणि आठ जणींचा प्रश्न होता. देवाशपथ सांगतो, मी लावालावी कधीच केली नाही. फक्त समेट होऊ दिला नाही!

हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दोन बायकांचं भांडण लोणच्यासारखं मुरवत ठेवणारा माणूस मी आजच बघितला."

केतनचा पुण्याहून फोन आला. वेळ निम्म्यावर कशी आली म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "मधून बाहेर, अशी पद्धत काढलीय."

"ग्रेट, सर! कशी सुचली?"

"अभ्यास," मी म्हटलं.

* * *

ट्रायलचा दिवस उजाडला. अप्पा, केतन, बाकीच्या सहा बायका, सगळे तीन नंबरपाशी. गोंधळ नको म्हणून बाकीची मशीनं बंद ठेवलेली. एकदा एक बाजू करायची, पाच मिनिटांत झाली तर ऑटो डॉफर रद्द. नाही झाली तर अप्पांच्या खिशातल्या मोबाइलमधून ऑर्डर जाणार. बाकीच्या सहा जणींचं भवितव्यही या दोघींच्याच हातात होतं.

गेटवर टमटम थांबली. आतून गंगव्वा आणि महादेवी उतरल्या. हातात हात घालून! दोघींच्या डोक्यात सारखेच गजरे!



"सायब, पेढा घ्या!" महादेवी म्हणाली. "सकाळच्या पारी अकलूजचा फोन आला. पोरगी पसंत हाय म्हनले. आन् काय म्हनले इचारा की! डब्यातली चटणी फर्मास हुती, लग्नात तशीच पायजे!"

गंगव्वा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "माज्या लेकीचं हिच्या चटणीनं जमलं बगा. मी आपली उगंच बोलली हुती."

मी पेढा खाल्ला. आयुष्यात एवढा कडू पेढा खाल्ला नाही.

केतननं घड्याळ लावलं. अप्पा कानडीत घाई करत ओरडले, "बेगा, बेगा!" दोघी ठरल्याप्रमाणं मधोमध उभ्या राहिल्या, पाठीला पाठ. पण चार बॉबिनी झाल्या नाहीत तोवर महादेवी मागं वळली. "अक्का, शालू कुठला घ्यायचा?" गंगव्वा वळली. "हिरवा. आन् तुला जांभळा." परत दोन बॉबिनी. "मांडव दारातच घालू या का?" "व्हय की, आन् मानपान तू बगायचं." पुढं गेलेली थोरली धाकटीसाठी थांबायची, धाकटी थोरलीसाठी.

सात मिनिटं वीस सेकंद.

अप्पांनी मोबाइल बाहेर काढला. माणूस वाईट नाही. पण बोललेला शब्द मागं घेत नाही. भिंतीकडेला माझ्या गाडीवर बसलेल्या सहा जणी उठून उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीनं डोळ्याला पदर लावला.

गंगव्वानं त्या सहा जणींकडं बघितलं. मग महादेवीकडं बघितलं, तिच्या गजऱ्याकडं, तिच्या हसऱ्या तोंडाकडं. मशीनची दुसरी बाजू अजून भरलेलीच होती.

"अप्पा," ती म्हणाली, "धा मिन्टं द्या. आमी जरा भांडून येतो."

केतन हसला. अप्पाही हसले, "बरं, दुसरी बाजू करून दाखवा" म्हणाले. मी हसलो नाही.

तिनं महादेवीचा हात धरला आणि तिला तागाच्या गठ्ठ्यांमागं घेऊन गेली. मशीनं बंद, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. आधी महादेवीचं खुदखुदणं आलं. "अक्का, आता कशावरनं भांडायचं वो? मला तर कायबी सुचंना."

आणि मग गंगव्वाचा आवाज, अगदी सावकाश :

"महादेवी, अकलूजला गेली ती चटणी तुजी न्हवती. माजी हुती, उखळातली. डबा मी बदलला हुता."

खुदखुदणं थांबलं.

दहा मिनिटं लागलीच नाहीत. गठ्ठ्यांमागून महादेवी एकटीच बाहेर आली. गजरा हातात काढून घेतलेला. तो तिनं खिडकीत ठेवला, पदर कमरेला करकचून खोचला, मशीनच्या मधोमध जाऊन पाठ फिरवून उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"सायब, घड्याळ लावा!"