कायमचा पत्ता

आईला कसबा पेठेतून धायरीला नेलं, त्या दिवशी तिने सामान हलवूच दिलं नाही. दोन पातेली, औषधांची पिशवी आणि चार साड्या, बस्स. तिचे गुडघे गेले होते, तीन मजले चढणं डॉक्टरांनी बंद केलं होतं, आणि धायरीत ताईच्या शेजारी तळमजल्यावर एक खोली भाड्याने मिळाली होती. "चार महिन्यांसाठी कशाला संसार हलवायचा?" असं म्हणत तिने स्वतःच कुलूप लावलं. शेजारच्या काकू जिन्यात उभ्या होत्या. "जा हो, खोलीकडे आम्ही बघतो," म्हणाल्या. आईला रिक्षाने सोडलं आणि त्याच संध्याकाळी मी ट्रक घेऊन गुवाहाटीला निघालो.

आळीतल्या मंडळींनो, तुम्हीही आता कुठे कुठे पांगलात. त्या खोलीचं पुढे काय झालं, हे जो तो आपापल्या परीने सांगतो. बिल्डरने खाल्ली, ताईने विकली, काहीही. खरं सांगतो, ती मीच घालवली.

लायसन्सवर, पॅनकार्डावर, मतदारयादीत, बँकेत, सगळीकडे माझा पत्ता कसब्यातलाच होता. इन्कम टॅक्सचं पत्र आलं तरी काकू ठेवून घ्यायच्या. धायरीच्या मालकाने भाडेकरार करून दिलाच नाही. "कागद कशाला? तुम्ही काय घरात असता का?" म्हणाला. बोलला ते खोटं नव्हतं. महिन्यातले चार दिवस मी धायरीत, बाकीचे केबिनमध्ये, आणि केबिनच्या पत्त्यावर पोस्टमन येत नाही.

चार महिन्यांची तीन वर्षं झाली, आणि आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. सर्वेक्षणाची माणसं तीनदा आली, तिन्ही वेळा खोलीला कुलूप. 'वास्तव्य आढळले नाही' असा शेरा पडला. नव्या इमारतीत जागा राहत्या भाडेकरूलाच मिळणार होती. दारावर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो काकूंनी पाठवला तेव्हा मी नागपूरच्याही पुढे होतो. सुनावणीला पंधरा दिवस होते.

माझे वडील बुकबाइंडर. "कागद जपणाऱ्याला कुणाची भीती नसते," असं ते जाईपर्यंत सांगत राहिले. रस्त्यावरही आम्ही तेच शिकतो. नाक्यावर मागतील त्याहून एक कागद जास्त पुढे करायचा, म्हणजे गाडी लवकर सुटते. मी तसंच केलं. भाडेपावत्या, लाइटबिलं तर नेलीच. पण कुलूप का होतं, तर मी कामावर होतो, हे पटावं म्हणून तीन वर्षांच्या ट्रिपशीट आणि फास्टॅगच्या टोलनोंदीही नेल्या, तारखेनुसार लावून, सुईदोऱ्याने शिवून. कुणी मागितल्याही नव्हत्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ते काही उगाच म्हणत नाहीत.

अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी पानन् पान उलटलं.

"अहो, तुम्ही इथे राहत नाही, हे तुम्हीच सिद्ध करून दिलंय."

"मॅडम, मी कामावर असतो. आई राहायची."

"आई आता कुठे असतात?"

"धायरीला," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

"तिथला भाडेकरार आहे?"

"नाही."

"म्हणजे कसब्यात नाही आणि धायरीतही नाही. मग तुम्ही राहता कुठे, काय लिहू?"

त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी शिवलेला गठ्ठा पुढे ओढून पुन्हा पानं चाळू लागलो. महिन्याभराने निकाल आला. खोलीवरचा आमचा हक्क गेला होता.

आईला मी सांगितलं नाही. "काम चालू आहे," एवढंच म्हणत राहिलो. ती ताईला सांगायची, "आता लिफ्ट होणार म्हणे. मग गुडघ्यांचं काय अडतंय? मंडईत माझी मी जाईन." इमारत पाडल्याचा व्हिडिओ काकूंनी पाठवला. मी तो न बघताच पुसून टाकला.

दिवाळीनंतर आई गेली. मी दोन दिवसांनी पोचलो, तोवर ताईने सगळं उरकलं होतं. मला फक्त मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरायचा राहिला होता. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात मी कसब्यातली खोली लिहिली. खिडकीतला कारकून कसब्याकडचाच निघाला. त्याने चष्मा वर केला.

"ही इमारत पाडली की हो. दुसरा पत्ता द्या."

"तिला दुसरा नव्हता."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

आता माझ्या लायसन्सचं नूतनीकरण आलंय. मालक म्हणतो, ऑफिसचा पत्ता टाक, सगळे ड्रायव्हर तेच करतात. टाकणार आहे. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, मग घर म्हणून आता काय राहिलं? परवा ताई सांगत होती, धायरीत कुणी आईला विचारलं, मुलगा कुठे असतो, तर ती म्हणायची, "इथेच असतो. आत्ता जरा बाहेर गेलाय." माझ्याबद्दल असं सांगणारं आता कुणी नाही.