इस्त्रीखालचे लाल आकडे

साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पातळ लाल पिशवी ह्यांच्या शर्टाखाली राहून गेली आणि मी वरून कडक इस्त्री फिरवली. माझ्या विद्येची सुरुवात ती एवढीच. शर्टाच्या पाठीवर तळहाताएवढा लाल डाग बसला. "कंपनीत काय रंगपंचमी खेळायला जाऊ?" असं म्हणून हे दुसरा शर्ट घालून पहिल्या पाळीला निघून गेले. मी डाग काढायला बसले. साबण झाला, ब्रश झाला, उकळतं पाणी झालं, पण डाग जागचा हलेना. तेव्हा मनात आलं, की जे निघतच नाही ते मुद्दाम का चिकटवू नये?

सत्तर साल उलटून गेलं होतं. चिंचवडला आमच्या दोन खोल्या होत्या आणि हे जवळच्या एका कारखान्यात लेथवर होते. दुपारी मला वेळच वेळ असायचा. ह्यांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडनं मी पिशव्यांमधून खेळाडूंच्या शर्टांवर लावायचे आकडे कापायला लागले. इस्त्री आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पहिल्यांदा वर्तमानपत्र ठेवलं, तर शर्टावर आकड्यासोबत बातम्याही उमटल्या. मग बेकरीत खारी बांधून देतात तो गुळगुळीत कागद वापरून पाहिला आणि जमलं. इस्त्री दाबून सात अंक मोजायचे आणि उचलायची. लगेच त्यावर गार पाण्यानं भरलेला पितळी डबा ठेवायचा आणि पूर्ण निवल्यावरच कागद सोडवायचा. घाई केली की आकडा कागदाबरोबर उठून यायचा. हा डबा मला कुणी शिकवला नव्हता. पाच शर्ट वाया घालवून तो मला सापडला होता आणि त्याचा मला फार गर्व होता.

दापोडीच्या एका कबड्डी संघाचे शर्ट मी केले. आठ नंबरनं माझा जीव काढला, कारण त्याच्या पोटातली दोन्ही भोकं सारखी कापावी लागतात. सामने झाल्यावर त्यांचा कॅप्टन सायकलवरून मुद्दाम सांगायला आला. "वैनी, सगळी मॅच मातीत लोळलो, पण नंबर काय उखडला न्हाई बघा." त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. तोवर मी कुणाची तरी सून होते, कुणाची तरी बायको होते. नंबरवाल्या वैनी मी माझ्या हिमतीवर झाले होते.

ह्यांच्या लेखी मात्र ती सगळी चिकटवाचिकटवी होती. जेवताना घासाला प्लास्टिकचा वास येतो म्हणायचे. म्हणून एका संध्याकाळी चहा घेऊन हे माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसले आणि म्हणाले, "दाखव बरं, कसं करतेस ते," तेव्हा मला आधी थट्टाच वाटली. पण थट्टा नव्हती. कागद कुठला, इस्त्री किती तापवायची, सातच अंक का, डबा कशाला, धुतल्यावर काय होतं, एकेक गोष्ट विचारत राहिले. कागदाचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला कधी कुणी इतकं काही विचारलं नव्हतं. मी बोलत सुटले. भाजी करपली, तरी हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणीला मी हे सगळं दोनदा सांगितलं. ती म्हणालीसुद्धा, "नशीबवान आहेस गं."

खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना आत सोडत. मशिनं पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून सजवलेली असत. ह्यांच्या लेथला नमस्कार करून मी वळले, तर भिंतीवरच्या फळ्याशी गर्दी दिसली. कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांना दरवर्षी बक्षीस असायचं आणि त्या वर्षीचं पहिलं बक्षीस ह्यांना मिळालं होतं. मी हरखून वाचायला लागले. गणवेशावरचे रंगवलेले खातेनंबर दोन धुण्यांत जातात, त्यावर उपाय म्हणून रंगीत प्लास्टिक वापरावे. मध्ये बेकरीचा कागद ठेवावा. इस्त्री दाबून सात अंक मोजावेत. त्यावर थंड पाण्याने भरलेला डबा ठेवावा.

माझा डबा. खाली नाव ह्यांचं.

तेवढ्यात ह्यांचे साहेब जवळ आले. "वहिनी, तुमचे मिस्टर फार डोकेबाज निघाले." आणि मी हसले. पदर सावरून, मान खाली घालून चांगली हसले. त्या हसण्याचा राग मला आजही येतो.

बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. घरी आल्याबरोबर ह्यांनी खिळा ठोकून ते माझ्या इस्त्रीच्या जागेवरच लावलं.  तिसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, "अहो, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझं कसं सांगणार? ते कामगारांसाठी असतं," हे म्हणाले. "आणि घड्याळ आपल्याच घरात आलं ना?"

यात खोटं काहीच नव्हतं. नियम तसाच असणार. नावाचं मी गिळलंही असतं. पण मला दुसरंच विचारायचं होतं. "मग त्या संध्याकाळी माझ्याजवळ बसलात ते?"

हे घड्याळ सरळ करत होते. "अगं, फॉर्मवर सगळं सविस्तर लिहायचं होतं," मागे न बघता म्हणाले. "कृती, साहित्य, फायदे. रिकामं ठेवलं तर घेत नाहीत."

म्हणजे मी ज्याला सहा वर्षांतली सगळ्यात सुखाची संध्याकाळ समजत होते, ती फॉर्म भरायची तयारी होती. मला त्यांनी फसवलं. शर्टाच्या बाबतीत नाही, त्या संध्याकाळच्या बाबतीत.

उरलेल्या पिशव्या मी शेजारणीला देऊन टाकल्या. डबा स्वयंपाकघरात गेला आणि त्यात डाळ भरली. दापोडीचा कॅप्टन पुढच्या वर्षी नवे शर्ट घेऊन आला, त्याला जमणार नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. हे तिथंच पेपर वाचत होते. मी असं का केलं, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि आजवर विचारलेलं नाही.