मोड आलेली चाळ

आमची नायगावची चाळ सरकार पाडणार होतं. त्याच्या आधी ती मी पाडली.

एकट्याने पाडली. बुलडोझर नाही, घण नाही, परवानगी तर नाहीच नाही. परळच्या एका हॉलमध्ये, भर सभेत, सगळे रहिवासी खुर्च्यांवर बसून बघत असताना पाडली. तावडेकाकी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा चष्मा त्या दिवशी नेमका नवा होता, त्यामुळे त्यांना सगळं स्वच्छ दिसलं!

झालं असं. चाळ रिकामी करून आम्ही सगळे पांगलो. कोणी शिवडी, कोणी डोंबिवली, आम्ही परळला भाड्याच्या घरात. नवे टॉवर व्हायला वेळ होता आणि जुनी चाळ आज पडते की उद्या, अशी होती. माझी मुलगी मृण्मयी आर्किटेक्चरला आहे. तिने काय करावं? कॉम्प्युटरवर तो एक ठोकळ्यांचा गेम असतो ना... दगड खणायचे, लाकूड तोडायचं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घर बांधायचं आणि रात्री राक्षस आले की जीव वाचवायचा... त्या गेममध्ये तिने राक्षस बंद केले आणि आमची अख्खी चाळ बांधली. तळमजला, वर तीन मजले, मधला लांबलचक पॅसेज, प्रत्येक खोलीत मोरी, मोरीवर पोटमाळा. तावडेकाकींच्या दारातली डब्यातली तुळससुद्धा! कित्येक महिने ती पोर हेच करत होती.

आमच्या चाळ कमिटीच्या घागभाऊंनी हे बघितलं आणि जाहीरच करून टाकलं, "निरोपाच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवायचं! लोकांना आपली खोली शेवटची बघू दे."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मृण्मयीने मला सगळं फिरवून दाखवलं. मी थक्क झालो. पण बापाचं तोंड गप्प बसत नाही.

"छान आहे गं. पण माणसं कुठायत? चाळ आणि माणसं नाहीत? हे म्हणजे मॉर्निंग वॉकला आलेल्या भुताला दाखवायचं घर झालं."

"बाबा, माणसं हवी तर मॉड टाकायला लागतील."

"मोड?"

"हां. मॉड."

"मटकीला येतात ते?"

आतून वैशालीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला. "कुठली मटकी? मी भिजवलेली नाहीये हां, आज बाहेर जेवायचंय!"

मग मृण्मयीने समजावलं. हा गेम खेळणारेच लोक हौसेने त्यात नव्या गोष्टी बनवतात. कोणी प्राणी, कोणी पाऊस, कोणी माणसं. त्या फुकट वाटतात. आपण त्या आपल्या गेममध्ये घातल्या की गेम बदलतो. त्यालाच म्हणायचं मॉड. "पण एकेक टाकून बघायचा असतो. गेमचं व्हर्जन जुळावं लागतं. आणि सगळ्यात आधी आपल्या वर्ल्डची, म्हणजे या अख्ख्या चाळीची, कॉपी काढून ठेवायची, नाहीतर वाट लागते. ती मी अजून काढलेली नाहीये. आता वेळ नाहीये, तू हात लावू नकोस. प्लीज."

एवढं झालं आणि मायलेकी हिंदमाताच्या कापडबाजारात गेल्या. वैशालीच्या नव्या साडीवर मॅचिंग ब्लाऊज मिळत नव्हतं. म्हणजे दोघी दुपार काढणार, हे नक्की.

घरात मी, लॅपटॉप आणि माझा आत्मविश्वास! (ऑफिसात प्रिंटर अडला की मलाच हाक मारतात. मी तो बंद करून चालू करतो. पण करतो मी!)

कॉपी काढायची हे माझ्या नीट लक्षात होतं. मी बेजबाबदार माणूस नव्हे. स्क्रीनवर गेमचं जे चित्र होतं, ते धरलं आणि पेनड्राइव्हमध्ये टाकलं. अर्ध्या सेकंदात कॉपी झाली. अख्खी चाळ, अर्ध्या सेकंदात! विज्ञानाची प्रगती बघून माझा ऊर भरून आला.

मग मॉड शोधले. 'गावकरी' नावाचा एक सापडला. वर्णन असं की ही माणसं येतात, राहतात, कामधंदा करतात. म्हटलं, झकास! चाळीला अशीच हवीत. टाकला. गेम उघडेना. लाल अक्षरांत निरोप आला की व्हर्जन जुनं आहे. नवं घेतलं. पुन्हा निरोप... या मॉडला दुसरा एक मॉड लागतो. तो आणला. त्याला तिसरा लागत होता! लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याने येताना मावशी, मावशीचे व्याही आणि व्याह्यांचा ड्रायव्हर घेऊन यावं, तसं चाललं होतं. त्या गर्दीत मला आणखी एक दिसला... याने बांधकाम 'अगदी खऱ्यासारखं' होतं म्हणे. म्हटलं, पोरगी आर्किटेक्ट होणार, तिला आवडेल. टाकला!

शेवटी गेमने विचारलं, "हे वर्ल्ड जुन्या व्हर्जनमधलं आहे. नुकसान होऊ शकतं. तरीही पुढे जायचं?"

खाली दोन बटणं होती. मी कुठलं दाबलं, हे सांगायला नको.

आणि चाळ उघडली! पॅसेजमध्ये दोन माणसं उभी! चौकोनी डोकी, लांब नाकं, हात बांधून निवांत. पाहुणे आल्याआल्या कसे शहाण्यासारखे बसतात, तशी. मला भरून आलं. लगेच लॅपटॉप बंद केला आणि सरप्राइज पोटात ठेवून इस्त्रीचा शर्ट घातला.

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या तावडेकाकी समोर, बाजूला वैशाली, मी तिच्या शेजारी. घागभाऊंनी माइकवर भावुक भाषण केलं आणि मृण्मयीने गेम चालू केला. तो उघडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"असं का करतंय हे?" ती पुटपुटली.

मी गालात हसलो.

पडद्यावर चाळ आली. टाळ्यांचा कडकडाट! कोणी तरी म्हणालं, "अरे, आपला जिना!" आणि तेवढ्यात जिन्यावरून एक लांब नाकाचा माणूस खाली आला. मागून दुसरा. मग सहा-सात!

मृण्मयीने वळून माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवला. तिने दाखवला नाही.

एक नाकवाला सरळ तावडेकाकींच्या खोलीत शिरला.

"अगो बाय माजे!" काकी ओरडल्या. "हो कोण रे मेलो माज्या खोलयेत घुसलो?"

"काकी, गेम आहे तो," घागभाऊ म्हणाले.

"गेम असांदे! माज्या खाटीवर निजलो मां तो!"

लोक हसले. मीही हसलो. तेवढ्यात दुसऱ्या नाकवाल्याने काकींचा दरवाजा उपटला आणि खांद्यावर टाकून चालता झाला.

मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले.

"बाबा," मृण्मयी हळू आवाजात म्हणाली, "कुठला मॉड टाकलास?"

"गावकरी. ते राहतात, कामधंदा करतात..."

"ते गाव वसवतात, बाबा! त्यांना लाकूड आणि दगड लागतात. दिसेल तिथून घेतात!"

ते आम्हाला दिसतच होतं. दरवाजे गेले. जिन्याचे कठडे गेले. पोटमाळे गेले. अंगणात त्यांनी स्वतःच्या झोपड्या बांधायला घेतल्या. "मेल्यानू, दरवाजो खंय नेतास?" काकी पडद्याला विचारत होत्या. मागून कोणी तरी ओरडलं, "रिडेव्हलपमेंट सुरू झाली रे!" पण या वेळी कोणी हसलं नाही.

मग एकाने तळमजल्याच्या भिंतीतला दगड काढला. दुसऱ्याने त्याच्या शेजारचा.

"काढू देत गं," मी धीर दिला. "या गेममध्ये खालचं काढलं तरी वरचं हवेत राहतं. तूच सांगितलं होतंस."

"हो, राहतं," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "बाबा... आणखी काही टाकलंयस?"

मी सांगेपर्यंत कडाडकन आवाज झाला. हॉलचे स्पीकर फार चांगले होते. पहिला मजला तळमजल्यावर आला, दुसरा पहिल्यावर, तिसरा सगळ्यांवर. अगदी खऱ्यासारखा. पडद्यावर धुळीचे चौकोनी ढग उठले आणि ते खाली बसले तेव्हा तिथे चाळ नव्हती. दगडांचा ढीग होता आणि ढिगावर एक नाकवाला हात बांधून उभा होता.

मी आयुष्यात बरेच धक्के खाल्लेत, पण दीडशे माणसं एकाच वेळी श्वास रोखतात तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. आमच्यातल्या कोणालाच आपली चाळ पडताना बघायची नव्हती. म्हणून तर हा कार्यक्रम! वैशालीने पदर तोंडावर धरला. घागभाऊंच्या हातातला माइक नुसताच गुरगुरत होता. आणि मृण्मयी रडत नव्हती, हे सगळ्यात भयंकर होतं. ती फक्त पडद्याकडे बघत होती.

"कॉपी आहे!" मी उठून ओरडलो. "कॉपी काढलीय मी!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. मृण्मयीने तो लावला. बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाबा, हा आयकॉन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तू चाळीच्या नावाची पाटी काढून आणलीस. चाळ तिथेच राहिली."

मी खाली बसलो. खरं तर खुर्ची चुकली. वैशालीने सावरलं नाही.

तेवढ्यात तावडेकाकी उठल्या. काठी टेकत मृण्मयीपाशी गेल्या. मला वाटलं, पोरीला जवळ घेतील. त्यांनी ढिगाकडे बोट दाखवलं.

"चेडवा, नाय तरी माजी मोरी तू चुकीच्या कोपऱ्यात बांधलेलंस. तेव्हा मी काय बोलूक नाय. आता परत बांध. मी सांगतंय."

मृण्मयीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. केस मागे बांधले, माझे सगळे मॉड एकेक करून काढून फेकले आणि मोकळ्या जमिनीवर पहिला दगड ठेवला.

आणि मग जो गोंधळ सुरू झाला! "आमच्या खिडकीला हिरवा रंग होता!" "अगं, पॅसेजचा दिवा डावीकडे!" "डावीकडे काय? उजवीकडे! त्याच्याखाली तर आमचं जमलं!" (हे ऐकून त्या बाईंचे यजमान पाणी प्यायला बाहेर गेले.) प्रत्येक जण पुढे येऊन आपली खोली सांगत होता. पोटमाळ्यावर झोपणारे पोटमाळ्याची उंची सांगत होते, ती कोणाचीच जुळत नव्हती. चाळीत इतकी वर्षं जी भांडणं झाली, ती सगळी पुन्हा झाली. जेवण थंड झालं. हॉलवाला दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. निघताना जेमतेम एक मजला उभा राहिला होता, पण मृण्मयी गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं."

टॅक्सीत मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.

आता ती चाळ ऑनलाइन आहे. डोंबिवलीहून, शिवडीहून लोक रोज आत शिरून बांधतात. कोणी गणपतीचा मंडप घातलाय, कोणी कॅरम मांडलाय. प्रत्येकाला बांधायची परवानगी आहे. मला फक्त बघायची आहे.

परवा मी या परवानग्या देणाऱ्या ॲडमिनना फोन केला. ॲडमिन तावडेकाकी आहेत. नातीच्या टॅबवर त्या दिवसभर चाळीतच असतात.

"काकी, मी पण इथलाच ना? निदान आमच्या खोलीला एक खिडकी तरी लावू द्या."

"लाव हां, बाबा," काकी प्रेमाने म्हणाल्या. "पण आधी माका पलीकडच्या इमारतीत राहूक जावंदे!"