तोटा संपतो तिथपर्यंतचे सर

आमच्या कॉस्टिंगच्या सरांइतका नफ्याबद्दल उदासीन माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. बी.कॉम.च्या पोरापोरींना धंद्याचं गणित शिकवून त्यांनी जन्म काढला, पण त्यांचा सगळा जीव एकाच ठिकाणी अडकलेला : तोटा नेमका कुठे संपतो तिथे. त्या बिंदूच्या पुढे धंदा गेला की सरांचं लक्ष उडायचं. "नफा काय, कोनालेही समजते," ते म्हणायचे, "तोटा कितव्या नगाले संपला, ते सांगा." पुस्तकात या प्रकाराला ब्रेक-इव्हन म्हणतात. सरांना मात्र तो बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे दिसायचा.

अमरावतीच्या राजापेठेत एका चपलांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. खाली कचोरीवाला बसायचा. त्याला सरांनी पहिल्याच आठवड्यात गाडीची जागा, गॅस, तेल असं सगळं खोदून विचारलं, तेव्हा हा माणूस टॅक्सवाला आहे असं समजून त्याने दोन दिवस गाडीच लावली नाही. पुढे मात्र दोघांचं असं जमलं की रोजचा खर्च भरून निघाला की तो खालून ओरडायचा, "सर, निघाला खर्च!" आणि सर शिकवता शिकवता थांबून समाधानाने मान हलवायचे. घरी त्यांनी एकदा इस्त्री विकत घेतली. बाहेर कपडे टाकले असते तर किती लागले असते, याचा हिशेब कॅलेंडरवर मांडला, आणि इस्त्रीची किंमत वसूल झाली त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून किंमत वसूल करणारा तो शर्ट दाखवला. "याच्यापुढचे सगळे फुकट!" त्यानंतर त्यांचा उत्साहच संपला आणि ते चुरगळलेल्या शर्टात क्लासला येऊ लागले. काकू कपाळाला हात लावायच्या.

मी अकोल्याची. जुन्या शहरात आमचं हारफुलांचं दुकान आहे. बाबा, आई आणि फुलांच्या टोपल्या, एवढाच पसारा. मी अमरावतीला खोली करून शिकत होते आणि पाचव्या सेमिस्टरला नेमकी कॉस्टिंगमध्येच नापास झाले. त्याच सुमारास बाबांच्या मनात स्टँडजवळचा एक गाळा भरला. तिथे दुसरं दुकान टाकायचं, आईचे दागिने गहाण ठेवायचे आणि मी शिक्षण सोडून जुन्या दुकानात बसायचं, असं ठरलं. बाबा फोनवर म्हणाले, "नापासच होऊन राहिली, तं दुकानात बस. मालकीन होशील."

मी क्लासची शेवटची फी द्यायला गेले आणि सरांसमोर रडले. त्यांनी माझं रडणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाळ्याचं भाडं किती?"

रविवारी सकाळी ते माझ्यासोबत अकोल्याच्या दुकानासमोर हजर. बाबांनी स्टूल दिलं, चहा मागवला, पण चेहरा काही सैल सोडला नाही. "तुमी शिकवनारे मानूस सर. हाराच्या धंद्यातलं तुमाले काय कयते?"

"काईच नाई कयत, भाऊ. मले फक्त भाडं कयते," सर म्हणाले आणि फुलं बांधायच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला. "मांड."

परीक्षेत जे जमलं नव्हतं ते बाबांच्या डोळ्यांदेखत मांडायचं होतं. मी विचारलं, "बाबा, हार तीसचा विकतो, तर फुलं आणि दोरा किती?" वीस, ते म्हणाले. म्हणजे एका हारामागे दहा उरतात. गाळ्याचं भाडं महिन्याला बारा हजार, तिथे बाबांच्या हाताखाली ठेवायच्या माणसाचा पगार नऊ हजार. हे एकवीस हजार रुपये, हार विकोत न विकोत, द्यावेच लागणार. दिवसाला सातशे. सातशेला दहाने भागलं. मी म्हणाले, "रोज सत्तर हार."

"सत्तर विकल्यावर मी कमावतो किती?"

"काहीच नाही बाबा. सत्तरला नुसता तोटा संपतो."

"अन् साठच गेले तं?"

"शंभर रुपये घरातून भरायचे. रोज."

बाबांनी तो कागद माझ्या हातून घेतला. अक्षरं त्यांना नीट वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. त्यांनी त्या सत्तरवर बोट ठेवलं. सरांनी गाळा घ्या म्हटलं नाही, नका घेऊ असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबा टोपली घेऊन स्टँडजवळ चार दिवस बसले. कधी बावीस हार गेले, कधी तीस. पाचव्या दिवशी त्यांनी गाळेवाल्याला नाही सांगितलं आणि मला म्हणाले, "जाय अमरावतीले. पेपर काढून घे." मी तो पेपर काढला. फार मार्क नाहीत, पण निघाला.

माझ्या शिक्षणाबरोबरच या प्रकरणातून आणखी एक गोष्ट मार्गी लागली. सर अधूनमधून रविवारी अकोल्याला येऊ लागले. मला वाटायचं माझ्या अभ्यासाचं सांगायला येतात, पण ते बाबांशेजारी बसून हार ओवायचे. इतके वाकडे, की सर गेल्यावर बाबा ते गुपचूप उसवून पुन्हा ओवायचे.

यंदा उन्हाळ्यात सरांनी क्लास बंद केला. मुलाने नाशिकला बोलावलं होतं. सामान भरायच्या दिवशी बाबा दुकान आईवर सोडून अमरावतीला आले. आयुष्यात पहिल्यांदा ते राजापेठेतली ती खोली पाहत होते. बाकं उतरवली, कपाट उतरवलं, टेम्पो भरला. काकू पुढे बसल्या. सर मात्र फुटपाथवरच उभे होते.

"भाऊ," ते म्हणाले, "मले तिथं करमाले किती दिवस लागतीन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते टेम्पोच्या मागच्या बाजूला गेले. सामानावरची दोरी चांगली घट्ट होती. त्यांनी तिची गाठ सोडली आणि पुन्हा सावकाश बांधायला घेतली.