कासवाचं तोंड कुणीकडे

कासवाच्या पाठीवर हळदीकुंकू होतं आणि नाकातून बुडबुडे येत होते.

"जराशी सर्दी आहे हो," वहिनी म्हणाल्या. "मी बाम लावणार होते. डॉक्टर ओरडले."

मी सरपटणाऱ्या प्राण्यांची घरं बांधते. म्हणजे काचेची किंवा प्लायची पेटी, तिच्यात हवी तेवढी ऊब, हवा तेवढा दमटपणा आणि पायाखाली योग्य माती. धंद्यात त्याला एन्क्लोजर म्हणतात. डोंबिवलीत आमच्या शेजाऱ्यांना वाटतं की मी फिश टँक विकते. ठाण्यातले एक प्राण्यांचे डॉक्टर मला अधूनमधून केस देतात. त्या दिवशी त्यांनी फोनवर एवढंच सांगितलेलं, "इंजेक्शनं मी देतोय. पण ते ज्या डब्यात आहे, त्याच डब्यात राहिलं तर इंजेक्शनं वाया. फुप्फुसात उतरलं की संपलं. आजच जा."

म्हणून मी बाळकुमला एका टॉवरच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर उभी होते. टॉवर ज्यांच्या शेतावर उभा आहे, त्यांचंच हे घर. घरधनी दादा. आधी शेताचे मालक, मग बिल्डरचे पार्टनर, आता स्वतःच बिल्डर. वहिनी त्यांची बायको. मुलगा कॅनडात. आणि सोफ्याच्या कडेला पाय वर घेऊन बसलेल्या दादांच्या आई, ज्यांना सगळे आय म्हणत होते.

मी पहिल्यांदा नोंदणीचे कागद मागितले. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. तसं असतं तर मी बॅग न उघडता थेट वनखात्याला फोन केला असता. पण हे आफ्रिकेतलं होतं, जमिनीवर राहणारं, अजून पिल्लूच, आणि कागद चोख होते. दादांना राग आला.

"मॅडम, आमच्याकडे कागद मागता? अख्ख्या बाळकुमचे कागद आमच्या कपाटात आहेत."

कासवाचं नाव कुबेर. दुकानदाराने ते "घरात पैसा थांबतो" असं सांगून विकलेलं. पैसा आधीच इतका थांबलेला दिसत होता की त्याला बसायला जागा नव्हती, पण तो माझा विषय नाही.

माझा विषय होता ती पेटी. हॉलमध्ये देवघरासमोर पांढऱ्या संगमरवराचा चौथरा. त्यावर काचेची चार फुटी पेटी. तळाला गुळगुळीत पांढरे गोटे, मध्ये पाण्याने भरलेलं पितळी तबक, वरून निळे एलईडी. आणि हॉलचा एसी वीसवर, दिवसभर.

एवढं तर मी बऱ्याच घरांत बघते. नवीन होती ती आतली काच. पेटीच्या आत दोन्ही बाजूंनी आणखी दोन काचा सरकवलेल्या. मधला बोळ कासवाच्या रुंदीपेक्षा बोटभरच जास्त. कासव पुढे जाऊ शकत होतं आणि मागे येऊ शकत होतं. वळू शकत नव्हतं.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

उत्तर समोर बसलेल्या त्यांच्या डिझायनरने दिलं. हा माणूस इंटिरियरही करायचा आणि वास्तूही बघायचा, म्हणजे भिंत स्वतःच उभी करायची आणि ती अशुभ आहे हेही स्वतःच सांगायचं. घरात त्याला सर म्हणत.

"देवळात कासव कसं असतं? देवाकडे तोंड करून," सर म्हणाले. "हा सारखा खिडकीकडे फिरायचा. देवाकडे पाठ! घरात कटकटी सुरू झालेल्या. म्हणून आपण त्याला गाईड केलं."

"गाईड?"

"काचेने."

देवळातलं कासव दगडाचं असतं. हे मी मोठ्याने बोलले. आय खाकरल्या.

आता हे कासव खिडकीकडे का फिरायचं, ते सांगते. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. ते बाहेरून घेतं. थंडी वाटली की ऊन असेल तिकडे जातं, तापलं की सावलीत येतं. म्हणून पेटीचं एक टोक गरम आणि दुसरं कोमट ठेवतात. याला ग्रेडियंट म्हणतात. कासव दिवसभर या टोकाहून त्या टोकाला जाऊन स्वतःचं तापमान स्वतः ठरवतं. या घरात ऊब एकाच ठिकाणी होती, पश्चिमेच्या खिडकीत, दुपारनंतर. बिचारं तिकडे मान वळवत होतं. त्याला घरच्यांनी नास्तिक ठरवलं आणि काचेत चिणलं.

मी मीटर लावला. आतलं तापमान बावीस. गोट्यांखाली पाणी साचलेलं. गार आणि ओलं, यापेक्षा वाईट जोडी नाही. दमटपणा या पिल्लांना लागतोच, नाहीतर पाठ खडबडीत वाढते, पण तो उबेसोबत लागतो. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर न्हाणीघर असतं तसा. पावसात भिजून एसीच्या ऑफिसात बसल्यावर जे होतं, ते कुबेरला रोज होत होतं.

"बाहेरून चार फूट, आत वळायला जागा नाही," मी दादांना म्हणाले. "तुमच्या भाषेत सांगायचं तर सुपर बिल्टअप चांगलं दाखवलंय. कार्पेट एरिया कुठाय?"

दादा हसले. मग त्यांना कळलं, आणि हसायचे थांबले.

काम साधं होतं. आतल्या काचा काढायच्या. पेटीला वरून जाळीचं झाकण. एका टोकाला गरम बल्ब, त्याखाली पस्तीस अंश. दुसरं टोक अठ्ठावीसच्या खाली नको, आजारपणात तर नाहीच. दिवसा यूव्हीबी ट्यूब, कारण खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात कवच घट्ट करणारे किरण उरत नाहीत. रात्रीसाठी सिरॅमिक हीटर, जो ऊब देतो पण उजेड देत नाही. सगळं थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारं. तबक हद्दपार, त्या जागी उथळ मातीची थाळी. आणि तळाला चार बोटं माती आणि नारळाचा भुसा मिसळून, खालून ओलसर, वरून कोरडी.

"माती?" सर म्हणाले. "इटालियन मार्बलवर माती?"

"पेटीत. मार्बलवर नाही."

"मागवू ना ऑनलाइन," दादा म्हणाले. "पाकिटात येते."

पाकिटातल्या मातीत खत असतं, ते चालत नाही, असं मी सांगितलं. औषध न मारलेली साधी माती हवी. दादांनी मोबाइल खिशात ठेवला आणि विचारात पडले. आजूबाजूला बघितलं. खाली सतरा विंगा, पेव्हर ब्लॉक, पोडियम गार्डनमध्ये प्लॅस्टिकचं गवत.

"या बिल्डिंगीखाली हाय ना माजी माती," आय म्हणाल्या. "काड जरा वर करून."

शेवटी ड्रायव्हरला खडवलीला पाठवलं. तिथे आयच्या बहिणीची वाडी आहे. ज्या घराने सगळी माती विकली, त्या घराची मोठी गाडी दोन गोणी माती आणायला कल्याणच्याही पुढे गेली. संध्याकाळच्या आत आली. मी ती चाळली.

खरं भांडण बल्बवरून झालं.

आजारी कासवाची ऊब मध्येच तुटून चालत नाही. वीज जाते, ठाण्यातही जाते. म्हणून मला बॅकअपचा पॉइंट हवा होता. हॉलमध्ये तसा एकच निघाला, देवघराशेजारी. तिथे अखंड तेवणारी इलेक्ट्रिक समई आणि मंत्र म्हणणारं यंत्र लावलेलं. वीज गेली तर फ्रिज बंद पडलेला चालतो. देवाची समई बंद पडलेली चालत नाही. म्हणजे गरम टोक देवघराच्या बाजूला येणार.

"अशक्य!" सर उठून उभे राहिले. "ती ईशान्य आहे. अग्नी आग्नेयेला. ईशान्येला अग्नी म्हणजे नुकसान."

"समई कुठल्या दिशेला आहे?" मी विचारलं.

"समई वेगळी."

"ती बल्ब, हा बल्ब. वेगळं काय?"

"भावना वेगळी."

"माझ्या बल्बला थर्मोस्टॅट आहे," मी म्हणाले. "भावनेला आहे का?"

मी हे असं बोलते. माझा दोष नाही, आमच्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. बाबा एमआयडीसीतल्या कारखान्यात होते. युनियनची पत्रकं, पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं, ग्रहणात जेवा अशी पत्रकं. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. "बंधू-भगिनींनो" हा मला लिहिता आलेला पहिला शब्द. त्यामुळे कुणी माझ्यासमोर भावना काढली की माझा आवाज चढतो.

दादांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तोडगा सांगतो. तुम्ही एवढंच बोला की हा दिवा पण देवाचाच आहे. म्हणजे सरांचंपण राहील, तुमचंपण होईल. पाहुणे पण विचारणार नाहीत."

"मी खोटं बोलणार नाही. हा कासवाचा बल्ब आहे."

"अहो, एका शब्दाने काय होतं?"

"मग तुम्ही बोला. मी नाही."

सर म्हणाले की मग जबाबदारी त्यांची नाही. दादा म्हणाले, चार दिवसांनी मुहूर्त बघून लावू. मी म्हणाले, चार दिवसांनी पेटी लागणार नाही, खड्डा लागेल, आणि त्यालाही तुमच्याकडे माती नाही.

हे जरा जास्त झालं. यंत्र तेवढं मंत्र म्हणत होतं.

वहिनी इतका वेळ पेटीजवळ बसलेल्या. त्यांनी हात घालून कुबेरला उचललं. त्याने पाय आत घेतले नाहीत, तसेच लोंबत ठेवले. हे चांगलं लक्षण नसतं. वहिनींनी पदराच्या टोकाने त्याचं नाक टिपलं. मग पाठीवरचं कुंकू पुसायला लागल्या.

"अगं, आजचं आहे ते," दादा म्हणाले.

"अहो, दिवसभर या घरात माझ्याशी बोलायला हा एकटा असतो," वहिनी म्हणाल्या. "आणि हा श्वास घ्यायला तोंड उघडतोय. दिशा नंतर बघा. ताई, लावा तुमचा बल्ब."

"पण ईशान्य..." सर म्हणाले.

"एवरा मोटा टावर उबा केला ईशान्येला," आय म्हणाल्या, "तवा काय नाय झाला. आता बल्बानं होतंय?"

मी बल्ब लावला.

गरम टोकाकडे चढायला एक फरशी तिरकी बसवली. कासव चढून वर जातं, बल्बखाली थांबतं, पोटालाही ऊब मिळते. मी मीटरकडे बघत बसले. पस्तीस आले. कुबेर मातीत थोडा वेळ पडून राहिला. मग पहिल्यांदा वळला. अख्खा, गोल, आरामात. वहिनींनी टाळी वाजवली. तो खिडकीकडे बघून थांबला, आणि परत वळून हळूहळू फरशीवर चढला. बल्बखाली पाय पसरले. मान लांब केली.

समोर देवघर होतं.

"बघा!" सर ओरडले. "बघा! स्वतःहून!"

दादांनी हात जोडले. मी समजावलं की तो उबेकडे गेलाय, बल्ब तिकडे बाथरूमच्या बाजूला लावला असता तर बाथरूमकडे तोंड केलं असतं. कुणी ऐकत नव्हतं. सर फोनवर दुसऱ्या क्लायंटला सांगत होते की ईशान्येला नियंत्रित अग्नी ठेवला की किती लवकर रिझल्ट येतो.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. दुसरं करणार काय? एका पानाचं. पहिली ओळ मोठ्या अक्षरात: "कासव देवाकडे तोंड करत नाही, उबेकडे करतं." खाली कामाच्या सूचना. गरम टोक पस्तीस, दुसरं टोक अठ्ठावीस. दोन्ही मीटर सकाळ-संध्याकाळ बघा. कोपऱ्यातून पाणी घालून माती खालून ओली ठेवा. पाठीवर काहीही लावू नका. झाकणावर काहीही ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ते पेटीला चिकटवून आले. दादांनी वाचलं आणि म्हणाले, "छान लिहिता."

डॉक्टरांची इंजेक्शनं संपली आणि काही आठवड्यांनी मी तपासणीला गेले. मनात म्हटलं, पत्रक फाडून टाकलं असेल, बल्ब आग्नेयेला गेला असेल.

नाक कोरडं होतं. डोळे स्वच्छ. वजन वाढलेलं. कुबेर हादग्याचा पाला असा ओरबाडत होता की जणू त्याच्याही जमिनीला एफएसआय वाढवून मिळालाय. दोन्ही मीटर बरोबर. माती खालून ओलसर, वरून कोरडी, अगदी मी सांगितली तशी. असे क्लायंट मला क्वचित मिळतात. बहुतेक लोक मीटरकडे दुसऱ्या दिवसापासून बघत नाहीत.

"कसं जमवलंत?" मी वहिनींना विचारलं.

"आरतीनंतर वाचतो ना रोज."

मी पेटीकडे बघितलं. माझं पत्रक लॅमिनेट केलेलं. सोनेरी फ्रेममध्ये. कोपऱ्यावर हळदीकुंकू, वर जास्वंदाचं फूल. तेवढ्यात संध्याकाळची वेळ झालीच. आरती झाली, वहिनींनी हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "कासव देवाकडे तोंड करत नाही, उबेकडे करतं..." मागे दादा, आय आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन बायका डोळे मिटून ऐकत होत्या. "गरम टोक पस्तीस" आल्यावर दादांनी डोळे उघडून मीटर बघितला आणि "पस्तीस" म्हणाले. पाठीवर काही लावू नका, हे आल्यापासून कुणी पाठीला हात लावला नव्हता. कुंकू सगळं फ्रेमला लागत होतं.

मी दादांना सांगितलं की हा प्राणी मोठा झाला की चाळीस किलोपर्यंत जातो, त्याला पुढे अंगण लागेल. दादा गंभीर झाले. म्हणाले, "खडवलीला जागा बघायला घेतो." बिल्डरने प्लॉट कासवासाठी बघावा, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील.

"रोज वाचतात?" त्यांनी विचारलं.

"रोज. मोठ्याने. पहिल्या ओळीसकट."

बाबांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमची पत्रकं लोक भजी खायला वापरायचे."

तत्त्व मी सोडलेलं नाही. पहिली ओळ तीच आहे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. फक्त आता प्रत्येक क्लायंटला पत्रक मी स्वतःच लॅमिनेट करून देते, आणि खालचा उजवा कोपरा मोकळा सोडते. कुंकवाला.