बाथरूमची पाटी

चाकणला आमच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर माझ्या शेजारी एक बीडकडची बाई होती. जेवणाच्या सुट्टीत ती कादंबऱ्या वाचायची. उजव्या हाताने जेवायची आणि डाव्या हाताने पान उलटायची. शेवटची कादंबरी अशा देशाची होती, जिथे माणसांना नावे नाहीत, नंबर आहेत आणि रडायलाही परवानगी लागते.

"लिहिणाऱ्याला लई भयंकर वाटलं असंल, ताई," ती म्हणाली. "आपल्याकडं तर मुतायला पाटी लागती."

खरेच लागते. साऱ्या लाइनला मिळून एकच लाल पाटी. ती गळ्यात असेल तरच बाथरूमला जायचे. दुसरीने नेली असेल तर दाबून बसायचे. बाया आजारी पडतात, तरी पाटी एकच.

परवा मोठे साहेब लाइन बघायला आले आणि मध्येच त्यांनी सुपरवायझरला बाथरूम कुठे म्हणून विचारले. ही उठली. कंत्राटावरची बाई, काम जाईल हे तिला ठाऊक होते. तरी तिने पाटी त्यांच्यापुढे धरली.

"घाला गळ्यात, सर. नियम हाय."

साहेब पाटी न घेताच बाथरूमला गेले.

संध्याकाळी तिचा गेटपास काढून घेतला. मी कारण विचारले, तर सुपरवायझर म्हणाला, "शिस्त मोडली."

कोणी मोडली, ते साऱ्या लाइनने पाहिले होते.