महालक्ष्मीच्या पानावर मिटलेला खटला

ओमप्रकाश वकिलांची उभी हयात मोर्शीच्या कोर्टात गेली. आवाज असा की साक्षीदाराला घाम फुटावा. घरी मात्र चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत फिरायचे. आता अमरावतीला मुलाकडे राहून ते आठवणी लिहीत होते. त्यांच्या पत्नी माणिकबाईंना देव्हाऱ्यापुढेही एकच घोर लागलेला. यांनी नत्थुजीचा खटला लिहिला तर?

मोर्शीला असतानाची गोष्ट. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवरून नत्थुजी आणि त्याची बहीण मैनाबाई भांडत होते. साहेब नत्थुजीचे वकील. उलटतपासणी अशी तयार केलेली की मैनाबाईची बोलतीच बंद व्हावी. त्याच आठवड्यात घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या. साहेबांनी नत्थुजीला जेवायला बोलावलं. माणिकबाईंनी आपल्या भाजीवालीला सवाष्ण म्हणून सांगितलं. ती भाजीवाली म्हणजेच मैनाबाई, हे त्यांना कुठून ठाऊक?

बहीणभाऊ समोरासमोर आले. महालक्ष्मीच्या भरल्या पानावरून उठायचं नसतं. दोघं खाली मान घालून जेवत राहिले. शेवटी मैनाबाईच बोलली, "वयनी, भाऊले अजून आंबील वाढा. त्याले एका वाटीनं होत नाही."

पुढच्या तारखेला दोघांनी आपसात मिटवलं. "सगळी मेहनत पाण्यात गेली," साहेब एवढंच म्हणाले. तो शब्द माणिकबाईंच्या काळजात रुतून बसला.

साहेबांच्या पंचाहत्तरीला गणगोत जमलं. नत्थुजी आणि मैनाबाईही आले. साहेबांनी कागद काढले आणि नेमकं नत्थुजीचंच नाव घेतलं.

"अवो, दुसरं काई वाचा ना," माणिकबाई हळूच म्हणाल्या.

"हरकत फेटाळली." माणसं हसली. माणिकबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

साहेब वाचू लागले. "माझी तयारी वाया गेली, ते फार बरं झालं. मी जिंकलो असतो तर नत्थुजीला विहीर मिळाली असती आणि बहीण गेली असती. माझ्या बायकोनं दोघांना एका पंगतीत बसवलं, तेही नकळत. हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं. हरलो म्हणायला वकिलाची जीभ लवकर वळत नाही."

माणिकबाईंनी डोळे पुसले. "मले वाटे, तुमी अजून रागावून हाय."

"घ्या," मैनाबाई साहेबांकडे वळली. "इतकी वर्सं वयनीले नुसत्या तारखाच देऊन राहिले होते का तुमी?"

"अन् त्या आंबिलीची एक वाटी कशाची," नत्थुजी पुटपुटला, "तीन झाल्या होत्या."

साहेबांनी मुकाट्यानं कान पकडले. माणिकबाईंना हसू आवरेना. त्या उठल्या, देवापुढचे पेढे आणले आणि पहिला साहेबांच्याच हातावर ठेवला.